पृथ्वीसाठी घाम

पृथ्वी तापतेय, हे गेल्या वर्षापर्यंत आमच्या इमारतीला मान्य नव्हतं. मग समोरच्या इमारतीने ‘आम्ही पृथ्वीसाठी जिना चढतो’ अशी पाटी लावली आणि आमच्या सेक्रेटरींना रातोरात उकडायला लागलं. आम्हीही पाटी लावली, त्यांच्याहून हातभर मोठी. वारा येईल तशी पाठ द्यावी, यात आमचा हात कुणी धरणार नाही.

लिफ्ट मात्र चालूच राहिली. रीत अशी पडली की आत शिरायचं, भिंतीकडे तोंड करायचं आणि डोळे मिटायचे. उतरताना स्प्रेच्या बाटलीने कपाळावर घाम मारायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं, आम्ही डोळे मिटून मजले चढायचो.

फक्त माझ्या सासूबाईंनी ती पाटी खरी मानली. राहायला सहाव्या मजल्यावर, गुडघे पार कामातून गेलेले.

“आई, लिफ्टने या हो. सगळेच येतात.”

“लोकांवर आळ घेऊ नकोस. एवढी माणसं चढतात, मला काय धाड भरलीय?”

मला त्यांचा राग यायचा आणि स्वतःची लाज वाटायची.

परवा भर दुपारी आम्ही लिफ्टमध्ये भिंतींना नाकं लावून उभे होतो. बाहेरून हाक आली, “जिन्यात कुणी आहे का हो? मला भोवळ येतेय!”

सासूबाई! जिन्यात कोण असणार, कपाळ?

“आहोत, आहोत! आलोच!” सेक्रेटरी डोळे मिटूनच ओरडले. लिफ्ट वर चाललीच होती.

माझं डोकं फिरलं. पुढच्या मजल्याचं बटण दाबलं, दारात चप्पल अडकवली आणि खाली धावले. त्यांना धरून लिफ्टमध्ये आणलं, सेक्रेटरींच्या हातातली बाटली हिसकावून सासूबाईंच्या तोंडाला लावली. पाणी पिऊन त्यांनी समोरच्या सगळ्या पाठींकडे पाहिलं. 

दुसऱ्या दिवसापासून त्या लिफ्टमध्ये स्टूल टाकून बसायला लागल्या. डोळे टक्क उघडे. येणाऱ्या प्रत्येक पाठीला मायेने विचारायच्या, “कितव्या मजल्यावर दमलात हो?”

आठवडाभरात लिफ्ट ओस पडली. आता त्या एकट्याच खाली-वर करतात, बाकी इमारत जिन्यात धापा टाकते.

काल मीही चढून आले. सासूबाई घराच्या दारातच होत्या. त्यांनी माझ्या कपाळावरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

“खारट आहे,” म्हणाल्या. “ये आत.”