गंगेवरची कढई

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे. भजी तळायची नव्हे हं! उसाच्या रसाचा गूळ करायची, पाच-सहा माणसं सहज मावतील एवढी लोखंडी कढई.

माझा जन्म गंगाखेडचा. तिथली नदी गोदावरी, पण आमच्याकडे तिला गंगाच म्हणतात. घाटाजवळच्या गल्लीत एका म्हाताऱ्या लोहाराने माझे पत्रे जोडले. ठोकता ठोकता तो निजामाच्या काळातल्या गोष्टी सांगायचा. गावात पहिल्यांदा आगगाडी आली, तेव्हा म्हणे त्याचा बाप भाकरी बांधून ती बघायला गेला होता.

पुढे नदीपलीकडच्या गुऱ्हाळात मी कितीतरी वर्षं रस उकळला. मग ऊस ट्रकमधून कारखान्याला जाऊ लागला आणि मी बाभळीखाली पडून राहिले. एके दिवशी रामहरी नावाडी आला. त्याची लाकडी नाव कुजली होती. त्याने मला पाण्यात ढकललं, आणि काय नवल, मी तरंगले!

गोल नावेला पुढं नसतं, मागं नसतं. वल्हं मारलं की मी हळूहळू फिरते. मग माझ्याभोवती सारं गंगाखेड फिरायचं. घाटाच्या पायऱ्या, देवळांचे कळस, मशिदीचा मिनार, रेल्वेचा पूल, नुसतं चमचमतं पाणी, आणि पुन्हा पायऱ्या. एका पायरीवर कुणाच्या बाळाचं जावळ निघत असायचं, दुसरीवर कुणाचा दहावा चाललेला, आणि मधल्या पायरीवर कुणी निवांत धुणं बडवत असायचं. या गावाला कशाचीच घाई नाही, असं मला फिरता फिरता वाटायचं.

माझा एकच नियम होता. जड माणसासमोर जड माणूस बसायचा, नाहीतर मी कलंडणार.

एकदा वैष्णवी आपल्या छकुलीला जावळासाठी घेऊन आली. सोबत दोन आज्या, सासू धुरपदाबाई आणि आई कडूबाई. लग्नात कडूबाईंनी विहिणीची साडी हलकी दिली, म्हणून दोघींचा अबोला होता. त्यात आज नवा वाद. जावळाचे केस कुणाच्या पदरात पडणार? कुणीच मागे सरेना. "दोघी नसतील तर मी जावळच काढणार न्हाई," असं म्हणून वैष्णवी रडवेली झाली होती. पलीकडे घाटावर मामा आणि न्हावी वाट बघत होते.

रामहरीने दोघींकडे नीट पाहिलं. "तुमी दोघी समोरासमोर बसा."

"मी न्हाई हिच्या तोंडाम्होरं बसणार," धुरपदाबाई फणकारल्या.

"मावशे, वजन सारखं हाय तुमचं. मी काय सोयरीक जुळवायलोय का?"

बसल्या. एक कळसाकडे बघे, एक पुलाकडे. पण मी फिरतच होते, मग बघणार तरी कुठे? सारखी नजरेला नजर भिडायची.

ऐन मधोमध छकुली पाण्यातल्या उजेडाकडे झेपावली. वैष्णवीने तिला धरलंच होतं, पण दोन्ही आज्या एकदम त्याच बाजूला धावल्या! मी कलंडले. गंगा आत आली.

"मागं सरा! हात धरा एकमेकीचे!" रामहरी ओरडला.

दोघींनी माझ्या पोटातून आरपार हात धरले आणि आपापल्या जागी रेलल्या. मी सावरले. छकुली मात्र खदखदून हसत होती.

मी काठाला लागले तरी हात सुटले नव्हते. धुरपदाबाई भिजून कुडकुडत होत्या. कडूबाईंनी मांडीवरच्या पिशवीतून कोरी हिरवी साडी काढली.

"तुमच्यासाठीच आणली व्हती, विहीणबाई. द्यावी कशी, कळंना."

धुरपदाबाईंनी पदर दोन बोटांत चोळून बघितला. "पोत बरं हाय," त्या म्हणाल्या. मग हळूच, "लय गार हाय पाणी."

घाटावर मामाच्या मांडीवर छकुलीचं जावळ निघालं. हिरव्या पदराचं एक टोक एका आजीच्या हातात, दुसरं दुसरीच्या. मऊ केस मधोमध पडले.

आता वरच्या अंगाला रस्त्याचाही पूल झाला आहे. रिक्षा आली की माणसं पलीकडे, शेजाऱ्याच्या तोंडाकडे न बघताच. शेवटच्या फेरीनंतर रामहरीने मला या घाटाच्या पायथ्याशी, माझ्या जन्मगावीच ठेवलं. परवा दोघी आज्या छकुलीला घेऊन आल्या आणि माझा गंज बघून रामहरीवर ओरडल्या, "तेल तरी लाव हिला!"

तेल नसलं तरी चालेल. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नसेल, तर त्यांना कधीतरी समोरासमोर बसवा, आणि मधे एखादं लेकरू असू द्या.

माझ्या पोटात अजून पावसाचं पाणी साचतं. त्यात देवळाचा कळस उतरतो. वारा आला की तो हलतो, आणि मला वाटतं, गाव पुन्हा फिरायला लागलं.