पट्टी मोकळी आहे

धुळ्यात उत्तमचंदच्या पेढीवर मिरचीचा भाव ऐकायला जावं, तर आधी विमानांचं ऐकावं लागे. शेठला रेडिओचं भारी वेड. गाण्यांची, बातम्यांची स्टेशनं सोडून हा गृहस्थ काटा मधल्याच खरखरीत नेऊन ठेवायचा आणि मुंबईशी बोलणारे वैमानिक ऐकत बसायचा. वर समोरच्याला ते मराठीतून सांगायचाही. मिरचीवाल्यांना त्यात काय रस? पण माल विकायचा तर मान डोलवावीच लागे.

त्या दुपारी कौतिक पाटीलही तशीच मान डोलवत होता. एकदम शेठ ताठ झाला.

"मुंबईहून इंदूरला निघालेलं विमान. एका इंजिनाला आग लागलीय. माघारी मुंबई गाठणं होणार नाही म्हणतोय."

रेडिओतून एक थकलेला आवाज आला, मग दुसरा, शांत. शेठने कान लावला आणि मांडीवर थाप मारली. "वाचले! मुंबईवाला सांगतोय, धुळ्याजवळ लढाईच्या वेळची धावपट्टी आहे, तिथे उतरा. पट्टी मोकळी आहे. अरे, ती तर तुझ्याच राखणीतली ना?"

पट्टी त्याच्याच राखणीतली होती. ती साफ ठेवायच्या बोलीवर सरकारने कडेचं गवत त्याला दिलं होतं. आणि गेल्या उन्हाळ्यात या शहाण्याने पलीकडच्या मिरचीला पाणी न्यायला पट्टीवर आडवा पाट खणला होता. पट्टी तपासायला सरकारी ओव्हरसियर आला तेव्हा त्याला चावडीवरच चहा पाजून सांगितलं, "बठ्ठं साफ शे, सायेब." ओव्हरसियरलाही उन्हात जायचं नव्हतंच. कौतिकचं तेच बोलणं मुंबईला जाऊन आता रेडिओतून परत आलं होतं.

टेबलावर फोन होता. नुसतं "शेठ, पाट आहे" एवढंच म्हणायचं होतं. पण राखण जाईल, खटला होईल, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात आधी आलं. विमानात माणसं आहेत, हे मागाहून. लाज वाटायला हवी होती आणि वाटतही होती, तरी जीभ हलेना. वैमानिकाने वारा विचारला. आत बायामुलं आहेत म्हणाला. शेठ एकेक सांगत गेला आणि कौतिक मान डोलवत राहिला.

"पट्टी दिसली म्हणतोय. उतरतोय!"

"शेठ," कौतिकच्या तोंडून फुटलं, "पट्टीवर आडवा पाट शे. मीच खंदेल शे."

उत्तमचंद फोन उचलून मुंबईचा ट्रंक कॉल मागू लागला. थांबा, असं उत्तर आलं. रेडिओत मुंबईवाला विमानाला पुन्हा पुन्हा हाक मारत होता आणि कोणी ओ देत नव्हतं.

शेठच्या मोटारीने दोघं पोचले, तेव्हा विमान पाटाच्या अलीकडे, पट्टीबाहेर कपाशीत तिरकं पडलं होतं. पाणी चमकताना दिसलं तसं वैमानिकाने ऐनवेळी ते वळवलं होतं. एक चाक मोडलं, एका बाईचा हात मोडला, बाकी माणसं धड होती. कौतिकची बायको धुरपदाबाई मिरची तोडणाऱ्या बायांना घेऊन धावली होती आणि त्यांनी पाटातलंच पाणी घागरींनी मारून आग विझवली होती.

गाव लोटलं होतं, फौजदारही आला होता. "कौतिकना पाट व्हता म्हनीन वाचनात!" जो तो म्हणत होता.

वैमानिक मद्रासकडचा, त्याला इंग्रजीशिवाय बोलता येत नव्हतं. लोकांनी कौतिकला पुढे ढकललं, तसे वैमानिकाने त्याचे दोन्ही हात धरले.

कौतिकला आपला दोष कबूल केल्याशिवाय राहवलं नाही. "शेठ, त्यासले सांगा. मी ऐकी ऱ्हायंतू. येळ व्हता तवय गप बठनू. त्या बाईना हात मन्हामुये मोडना."

शेठने फौजदाराकडे पाहिलं, जमलेल्या गावाकडे पाहिलं आणि वैमानिकाला इंग्रजीत बराच वेळ काहीतरी सांगितलं. वैमानिकाचे डोळे भरून आले. त्याने कौतिकला मिठीच मारली.

"काय सांगं तुम्ही?" कौतिकने विचारलं.

"म्हटलं, हा म्हणतो, माझं कर्तव्यच होतं." शेठचा आवाज खाली आला. "आता गप बस. तेवढं तुला जमतं."

धुरपदाबाईने फडक्याने जिचा हात बांधला होता, ती बाई मोटारीत बसण्याआधी कौतिकसमोर येऊन थांबली. धड हाताने तिने त्याला नमस्कार केला. कौतिकने मान खाली घातली ती वर केलीच नाही. किती साधा माणूस, लोक म्हणाले.