गोजरबाईचं माप

रंगनाथ सोनाराने चांदीची नळी उजेडाकडे धरली आणि तिच्यात शिसपेन्सिल घालून पाहिली. पेन्सिल आत जाऊन वर हलायला जागा उरली.

"असली नळी माणसाच्या गळ्यात बसती?"

"पुरुषाच्या बसते," डॉक्टर सुनीतीबाई म्हणाल्या. "गोजरबाईला असलीच घातली, ती चूक माझी."

गोजरबाई म्हणजे शेवगावच्या दवाखान्याच्या दारातून वाकून येणारी बाई. नवरा गहिनीनाथ तिच्या खांद्याला लागायचा. गळा सुजून तिचा श्वास कोंडला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कंठाखाली छेद देऊन नळी बसवली. जीव वाचला, सूजही बरीच उतरली, तरी नळी काढण्याइतकी नाही. पण त्या दिवसापासून बाईच्या तोंडून शब्द नाही.

"उंची बघून फसले मी. श्वासनळीची लांबी उंचीवर जाते, पण रुंदीचं तसं नाही. पुरुषाएवढी उंच असली, तरी बाईची श्वासनळी बारीकच. तिच्या गळ्यातली नळी आत गच्च बसलीय. बाजूने वर हवाच जात नाही, मग आवाज निघणार कुठून?"

"मग बायकांची घाला."

"ती आखूड पडते. मला लांबी हिच्याएवढी हवी, जाडी बायकांच्या नळीएवढी. लढाई संपली तरी मुंबईहून काही येत नाही. तुम्ही कराल?"

रंगनाथने जन्मभर गळ्याबाहेरचे दागिने घडवले होते. गळ्याच्या आत काय असतं, याचा विचार त्याच्या मनाला कधी शिवला नव्हता. आता तो डोक्यातून जाईना. घरी गेल्यावर त्याने आधी स्वतःचा गळा चाचपला, मग बायकोचा.

"डोकं ठिकानावर हाय न्हवं?" रतनबाई म्हणाली.

"थांब गं. माप बघतोय."

"ठुशीचं?"

"श्वासाचं."

रतनबाई खुदकन हसली. ते हसू त्याच्या बोटांखाली थरथरत वर गेलं, तसा तो चकितच झाला.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ दुकानात आला. इकडेतिकडे बघून त्याने कमरेचा चांदीचा करदोडा सोडला.

"ह्येच्यातनं करा. तिला मातूर सांगू नका. मोकळी कंबर बघितली तर अशुभ म्हनून आकांत करंल."

"आकांत करायला आवाज हाय कुठं?" रंगनाथ बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"त्येच तर." गहिनीनाथने करदोडा त्याच्यापुढे ठेवला. "लई मोठा आवाज हुता. ती वरडली की समद्या शिवाराला कळायचं, आज म्या काय घोळ घातला. तवा लाज वाटायची. आता घर खायाला उठतंय."

रंगनाथने चांदी आटवली, पत्रा ठोकून सळईभोवती वळवला, सांधा झाळून जोडला, घासून घासून गुळगुळीत केला.

नळी बदलायच्या दिवशी तो स्वतः दवाखान्यात जाऊन उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी जुनी काढून नवी बसवली.

"आता भोकावर बोट ठेवा आणि बोला. देवाचं नाव घ्या."

गोजरबाईने बोट ठेवलं. नुसती फसफस झाली. जाडीच चुकली की काय, या धास्तीने रंगनाथ पुढे वाकून नळीकडे बघू लागला. तिने पुन्हा जोर केला. या खेपेला आवाज आला, बारीक, खरखरीत, पण बाईचा आवाज.

"करदोडा कुठं हाय?"

ती गहिनीनाथच्या कमरेकडे बघत होती.

"हरवला," तो पुटपुटला.

"खोटं! रोज बघतीया मी. मोकळ्या कमरेनं गावभर फिरताय, जनाची न्हाई तर..."

तिला दम लागला. बोट सुटलं, आवाज गेला. गहिनीनाथ तिच्यापाशी खाली बसला. तिचा श्वास शांत होईपर्यंत थांबला. मग त्याने तिचं बोट धरून हळूच पुन्हा नळीवर ठेवलं.

"बोल," तो म्हणाला. "अजून बोल."