गाऱ्हाणं चालू, कॉम्प्रेसर बंद

"बा देवा म्हाराजा, यंत्रात अडकलेल्या भागोजीला वाट दाखव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मच्छीमार संस्थेच्या लिलावघरात जमलेलं अख्खं बंदर एका सुरात ओरडलं.

आठवडाभर वजनकाट्याच्या संगणकावर मासळी एकाची आणि नाव भागोजीचं, असं अधूनमधून होत होतं. भागोजी तर दोन पावसाळ्यांपूर्वी जयगडच्या बाहेर समुद्रात बुडालेला. गाऱ्हाणं घालणाऱ्या विनोदबुवाने निदान केलं की त्याच्या बायकोचं, हिराचं, काहीतरी चुकलंय. गाऱ्हाणी पुरी होईपर्यंत तिने लिलावात बसू नये. आणि खरंच, बुवा गाऱ्हाणं घालत असला की ते नाव येईना.

दर्शना दाराशी उभी राहून जळत होती. काट्याची ऑपरेटिंग सिस्टीम तिच्या रत्नागिरीतल्या लहानशा कंपनीने बसवलेली. दुरुस्तीला आली तर तिला कोणी साधं स्टूल देईना, आणि विनोदला गादीची खुर्ची! शाळेत हाच विनोद तिच्या पेपरात डोकावून पास व्हायचा. ह्याला तोंडघशी पाडायचंच, हिराकाकीचं नंतर बघू, असं तिच्या मनात आलं आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

म्हणून तर तिची नजर बुवावरून हलेना. दुसरं गाऱ्हाणं सुरू करण्याआधी त्याने हात वर केला. "कॉम्प्रेसर पुन्हा कोणी लावला? ती घरघर बंद करा. देवाला शांतता लागते." संस्थेचे चेअरमन गुणाजी धावले आणि भिंतीपलीकडचा, आठवड्यापूर्वीच बसवलेला बर्फाचा कॉम्प्रेसर बंद करून आले.

दर्शनाने काट्याच्या टेबलावर हात ठेवला. मघाशी थरथरणारं टेबल आता गप्प होतं.

दुपारभर ती ड्रायव्हरचा, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रामचा, कोड वाचत बसली. मग गुणाजींना म्हणाली, "काका, उद्याचं गाऱ्हाणं होऊ दे. कॉम्प्रेसर मात्र चालू ठेवायचा."

"देव कोपेल," विनोद म्हणाला.

"देवाला समुद्राच्या गाजेत ऐकू येतं, कॉम्प्रेसरचं काय घेऊन बसलास?"

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं अगदी रंगात आलं आणि भर गर्दीसमोर सुरमईच्या वजनापुढे नाव उमटलं: भागोजी. विनोद गाऱ्हाणं अर्धवट सोडून काट्याकडे वळला.

"आता ऐका," दर्शना म्हणाली. "काटा दर वेळी डिस्कवरची सगळ्यात जुनी नोंद तपासतो, ती भागोजीकाकांची. टेबल थरथरलं की ती पहिल्या खेपेला वाचता येत नाही. ड्रायव्हर पुन्हा प्रयत्न करतो. समजा, माणूस पाण्याला पाठवला आणि टोप मांडून ठेवला. पाणी आलं नाही म्हणून तोच टोप कालवणाला घेतला. तो माणूस दुसऱ्या खेपेला पाणी घेऊन आला आणि ओतलं कालवणात. टोप म्हणजे मेमरी, कालवण म्हणजे आजची नोंद, आणि पाणी म्हणजे भागोजीकाकांची जुनी. खेपा संपेपर्यंत टोप दुसऱ्याला द्यायचा नाही, एवढं आमच्याच कोडमध्ये लिहायचं राहिलं होतं."

तिने सुधारलेला ड्रायव्हर बसवला. कॉम्प्रेसर घरघरत राहिला, आणि नावं ज्याची त्याला येऊ लागली.

गुणाजींनी गादीची खुर्ची तिच्याकडे सरकवली, बुवाचा मानाचा नारळही तिच्यापुढे धरला. विनोद बघत होता, आणि दर्शनाला तो नारळ घ्यावासा फार वाटला.

तेवढ्यात दारातून हिराने विचारलं, "म्हणजे ते आले नव्हते, बाय?"

"नव्हते, काकी."

दर्शनाची खुर्चीची हौस तिथेच फिटली. "नारळ फोडून खा, काका. आणि पुढच्या वेळी यंत्र बिघडलं, तर कोणाच्या बायकोचं काय चुकलं ते विचारू नका. काय चालू होतं आणि काय बंद, ते आधी बघा. खुर्ची काकींना द्या."

हिरा खुर्चीत बसली नाही. तिने डोळे पुसले, आणि मासळीची पाटी पुढ्यात घेऊन ती लिलावात आपल्या जुन्या जागी जाऊन बसली.