साहेब येणार म्हणून

वाचनालयाचं अनुदान चालू ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवायला बुधवारी साहेब येणार होते. अनुदान बंद म्हणजे दाराला कुलूप, आणि ग्रंथपालबाईंची सव्वीस वर्षं पाण्यात. बाईंची झोपच उडाली.

"पाहुणे यायचे म्हटल्यावर घर आवरतेस ना? मग हेही आवर," नणंद म्हणाली.

बाईंना ते पटलं, इथेच घोळ झाला. त्यांनी घरोघर फोन करून वाचकांकडची सगळी पुस्तकं परत मागवली आणि पुसून कपाटांत लावली. "बुधवारी बारापर्यंत कुणी फिरकू नका, पसारा होतो," अशी तंबीही दिली.

साहेब अकराला आले. खचाखच भरलेली कपाटं आणि रिकाम्या खुर्च्या पाहून त्यांनी नोंदवही उघडली.

"एकही पुस्तक बाहेर नाही? लोकांनी एकाच आठवड्यात वाचन सोडलेलं दिसतंय."

"अहो, मीच मागवली हो परत! चांगलं दिसावं म्हणून."

"असं सगळेच म्हणतात," म्हणत साहेब कोपऱ्यातल्या टेबलाशी अहवाल लिहायला बसले. 'मागणी नाही,' त्यांनी लिहिलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा! बाईंना स्वतःचा असा राग आला की बोलायची सोय नाही.

बाराच्या ठोक्याला शिंपी आत घुसला.

"गेला का तुमचा पाहुणा? द्या माझं पुस्तक. वीस पानं राहिलीत. खुनी कोण तेच कळेना, काल एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या मी!"

त्याच्यामागे अख्खी गल्ली, आणि शेवटाला नर्स. आठवडाभर उपाशी ठेवलेली माणसं ती, ऐकतात कुणाचं! बाईंना मान वर करायला फुरसत मिळेना. साहेब अहवालावर सही घ्यायला बाईंच्या टेबलाकडे सरकले, तसा शिंपी खेकसला, "ओ, मधे कुठे घुसताय? रांग दिसत नाही?"

साहेब मुकाट्याने नर्सच्या पुढ्यात, मिळाली त्या जागी उभे राहिले. पाचच मिनिटांत समोरचं कपाट अर्धं रिकामं झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. नंबर आला तेव्हा त्यांनी 'मागणी नाही' खोडलं आणि वर लिहिलं, 'वाचक भरपूर, पुस्तकं अपुरी. अनुदान वाढवावं.'

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि सगळ्यांदेखत त्या ढसाढसा रडल्या.

"बाई, रडा नंतर," मागून नर्स म्हणाली, "माझी ड्यूटी लागतेय!"