बी विंगचा ओला खांब

स्वरूपा रोज दुपारी तीन ते सहा लॅपटॉप उघडून बसायची. मोशीतल्या तिच्या सोसायटीत, बी विंगच्या सहाव्या मजल्यावर. मांस-अंडीच काय, दूधही सोडलेल्या व्हीगन मंडळींची एक वेबसाइट होती. तिच्या कोपऱ्यात चॅटची खिडकी होती, आणि त्या खिडकीत मराठीतून कुणी काही विचारलं की उत्तर द्यायला स्वरूपा. पगार वगैरे काही नाही, मनापासून करायची.

लोक काय काय विचारायचे. चहा कसा करायचा, ताकाशिवाय कढी होते का, सासूला काय सांगायचं. चाकणच्या कंपनीतला एकजण घरी जाताना बसमधून रोज भांडायचा. महिन्याभराने त्याने लिहिलं, ‘ताई, तीन दिवस झाले, दही नाही खाल्लं.’ तेव्हा स्वरूपाने घरात एकटीनेच टाळ्या वाजवल्या होत्या.

त्यानंतरच्या सोमवारी, चारच्या ठोक्याला, खिडकीत बिननावाचा माणूस आला.

‘रेडकू मेल्यावर म्हस दूध देती का?’

अशा प्रश्नांसाठी तयार उत्तरं होती. स्वरूपाने त्यातलंच एक पाठवलं, खाली एक लिंक जोडली.

‘तुमी वाचून दावताय,’ पलीकडून आलं. ‘मी इचारतोय.’

स्वरूपा ओशाळली. ‘सांगा ना,’ तिने लिहिलं. ‘मी ऐकतेय.’

मग एकेक ओळ येत राहिली. फार सावकाश. दोन ओळींच्या मध्ये पाच-पाच मिनिटं जायची. म्हशीचं नाव चांदरी, कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून. तिला रेडा झाला. रेडा कोण पोसणार? त्याला आईपासून लांब बांधला, दोन घोट पाजून ओढून घ्यायचा. अकराव्या दिवशी मेला. मग चांदरी पान्हा सोडेना. म्हणून त्याचं कातडं सोलून, त्यात पेंढा भरून, डोळ्यांच्या जागी चिंचोके बसवून ते तिच्यापुढं उभं केलं.

‘ती चाटायला लागली. दूध दिलं. दोन वरीस दिलं. तिला कळत व्हतं का न्हाई?’

स्वरूपाने तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी लिहिलं, ‘मला माहीत नाही.’

‘बरं,’ असं उत्तर आलं आणि तो माणूस निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चारला तो पुन्हा आला. तिसऱ्याही दिवशी. पण आता तो मागचं सांगत नव्हता. ‘आली,’ एवढंच लिहायचा. थोड्या वेळाने, ‘चाटतीय.’ मग साडेचारच्या सुमाराला, ‘गेली.’

चॅटचं सगळं काम बघणारा अजिम कासारवाडीला राहायचा. स्वरूपाने त्याला फोन केला.

‘कुणी चेष्टा करत असेल का रे?’

‘चेष्टा करणारा माणूस एवढा धीर धरत नाही,’ अजिम म्हणाला. ‘म्हैस आजारी असेल, बांधून ठेवली असेल. कुठंय ते विचार. आपण जाऊन बघू.’

गुरुवारी ‘आली’ दिसल्याबरोबर तिने विचारलं, ‘चांदरी कुठे आहे?’

मग आलं, ‘बी विंगच्या खाली. लिफ्टच्या बाजूचा खांब.’

आपण कुठे राहतो हे तिने चॅटमध्ये कुणाला कधीच सांगितलं नव्हतं. लॅपटॉप तसाच उघडा टाकून ती खाली पार्किंगमध्ये आली.

खांब कमरेच्या उंचीवर ओला होता. खाली फरशी कोरडी, वरचं छतही कोरडं. मधलाच हातभर भाग तेवढा चमकत होता. तिथला रंग निघून गेला होता आणि आतलं सिमेंट उंबरठ्यासारखं गुळगुळीत झालं होतं. तिने बोट लावलं. ओल कोमट होती, जरा चिकट.

‘त्याला हात नका लावू, ताई,’ वॉचमन जयसिंग मागून म्हणाला. ‘दोन प्लंबर येऊन गेले. आत पाइपच नाही. रोज चारला ओला होतो, सातपर्यंत वाळतो.’

वर येऊन स्वरूपाने लिहिलं, ‘तुम्ही कोण?’

‘किसन. भिंतीमागलं घर.’

सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे एक जुनं कौलारू घर राहिलं होतं. स्वरूपा रोज गॅलरीतून ते बघायची, पण तिकडे कधी गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. दारात एक म्हातारी भाजी निवडत बसली होती.

‘किसन आजोबा इथेच राहतात का?’

‘हितंच. पर त्यांना बोलता येत न्हाई, पोरी. तीन वरीस झाली.’

ती तानुबाई, किसनची बायको. किसन आत खाटेवर होता. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. डाव्या हातात नातीचा जुना मोबाइल. स्वरूपाने किराणा दुकानात ठेवलेलं वेबसाइटचं पत्रक उशीपाशी पडलं होतं. नातीने त्यावरून चॅट उघडून दिलं होतं. स्वरूपाने नाव सांगताच म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

‘त्या खांबाच्या जागी आमचा गोठा व्हता,’ तानुबाई सांगू लागली. ‘जमीन दिली, गोठा पाडला, त्याच हप्त्यात चांदरी बसली ती उठलीच न्हाई. ते पेंढ्याचं रेडकू मातर राहिलं. ह्यांनी ते खांबाच्या खड्ड्यात टाकलं. वरून काँक्रीट वतलं.’

‘आजोबांना इथून खांब दिसतो?’

‘मधी भिंत हाय की. कसा दिसंल?’

किसनने अंगठ्याने एकेक अक्षर दाबलं आणि मोबाइल स्वरूपापुढे धरला. ‘मला तितं न्या.’

त्याच दुपारी अजिम चाकांची खुर्ची घेऊन आला. त्याने आणि जयसिंगने किसनला उचलून खुर्चीत बसवलं. चारला पाच कमी असताना सगळे खांबापाशी उभे होते. तानुबाईने नवऱ्याचा उजवा, निर्जीव हात उचलला आणि खांबाला टेकवून धरला. लिफ्टचा पंखा तेवढा फिरत होता.

आधी वास आला. चघळलेल्या कडब्याचा. मग स्वरूपाच्या मनगटावर गरम फुंकर बसल्यासारखं झालं आणि ती दचकून मागे सरली. तिच्या डोळ्यांदेखत किसनचा तळहात ओला होत गेला. आधी बोटं, मग मधला भाग, मग मनगट. थेंब खाली गळायला लागले. खांब मात्र कोरडा होता.

जयसिंग भिंतीला चिकटून उभा होता. अजिम ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होता. किसनने टाळूला जीभ लावून, जनावराला जवळ बोलावतात तसा आवाज काढला. तीन वर्षांत त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला आवाज. डाव्या हाताने त्याने लिहिलं, ‘गरम लागतंय.’

‘त्या हाताला कळतंय?’ स्वरूपाने विचारलं.

त्याने मान डोलावली. मग लिहिलं, ‘तिला कळत व्हतं.’

त्या दिवसापासून खांब ओला झाला नाही. सोसायटीने त्याला नवा रंगही दिला.

शनिवारी किसन पुन्हा चॅटवर आला. ‘रेडा झाल्यावर काय करत्यात ते लोकांस्नी ठावं न्हाई,’ त्याने लिहिलं. ‘मी सांगतो. तुमी नीट लिवून द्या.’ आता दूधवाल्या घरातलं कुणी चॅटमध्ये आलं की स्वरूपा त्याला किसनशी जोडून देते. तो एका अंगठ्याने उत्तरं देतो. तयार उत्तरं त्याला चालत नाहीत. लोक त्याच्या एकेका ओळीसाठी थांबून राहतात. तानुबाईच्या घरी चहा कोराच होतो. दूध बंद करा असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

स्वरूपाने मात्र कामाची एक वेळ बदलली. चार ते साडेचार ती खिडकी बंद ठेवते, कारण तेवढ्या वेळात किसन कुणाला उत्तर देत नाही. चार वाजायला आले की तानुबाई त्याचा उजवा हात उचलून मांडीवर उताणा ठेवते, मोबाइल काढून घेते, आणि उठून घराचं दार सताड उघडते.