सोपी गणितं चुकलेली मनकर्णा

कल्याणराव सरांचा राग मला आजबी येतो. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर जास्तच येतो.

चौऱ्याऐंशी साल. परभणीतल्या एका संस्थेच्या वसतिगृहात मुलींसाठी आठवीची एकच जागा होती, अन् तिच्यासाठी परीक्षा घेतली. माझ्या पेडगावच्या शाळेतून मनकर्णा बसली. तिचा बाप भुजंग, ज्याला ती अण्णा म्हणायची, मला तोंडावर म्हणाला होता, "बाई, जागा भेटली तर शिकवतो. न्हाई भेटली तर पोरगी उजवून टाकतो."

निवड समितीत मीबी होते. कल्याणराव सर संख्याशास्त्राचे. निकाल लावायच्या दोन पद्धती त्यांनी फळ्यावर मांडल्या. पहिली साधी, बरोबर उत्तरं मोजायची. दुसरीत उत्तरांचा मेळ बघायचा. अवघड गणित सुटलं तर सोपं सुटायलाच पाहिजे, न्हाई सुटलं तर पेपर संशयाचा धरून बाजूला ठेवायचा. आदल्या साली कॉपी झाल्याची ओरड होती, म्हणून सर दुसऱ्या पद्धतीकडं झुकले.

पहिल्या पद्धतीनं मनकर्णा पहिली येत होती. दुसरीनं गळाली. अवघड गणितं सगळी बरोबर, अन् सुरुवातीची धान्याच्या वजनाची सोपी गणितं सगळी चूक!

"हिनं शेजारणीचं बघून लिहिलंय," सर म्हणाले.

"अहो, ती पोरगी मेली तरी बघायची न्हाई!"

"बाई, बाकी सगळ्या मुलींना हा नियम बरोबर लागू पडतो."

"मग जिला पडत न्हाई तिला विचारा की एकदा!"

"प्रत्येकीला विचारत बसलो तर पद्धत कशाला हवी?"

सरांच्या पद्धतीला समितीतल्या सगळ्यांचे हात वर झाले. माझा एकटीचा खाली राहिला. निकाल लागला, जागा दुसरीला गेली.

दुसऱ्या दिवशी मी मनकर्णाला पेपरातलंच एक सोपं गणित घातलं. दोन रुपये किलोनं शंभर किलो ज्वारी आडत्याला विकली, तर किती रुपये येतील?

"एकशे शहाण्णव," ती पटकन म्हणाली.

"अगं, चार रुपये कुठं गेले?"

"दोन किलो कडता, बाई. माती-कचऱ्याचा म्हणून आडत्या कापतोच की. मी जाते ना अण्णासंग मानवतच्या बाजाराला."

मी कपाळावर हात मारला. तशीच एसटीत बसले, परभणी गाठली अन् तावातावानं सगळं सांगितलं. सरांनी तिचा पेपर काढून पुन्हा तपासला. मग म्हणाले, "चूक झाली, बाई. पण जागा भरली. पुढच्या साली प्रश्न बदलू."

"पुढच्या साली ती थांबणार हाय का तुमच्यासाठी?" मी ओरडले. बाहेर येऊन जिन्यातच रडले.

गावात तोवर बोंब झाली होती, भुजंगची पोरगी कॉपी करताना घावली म्हणून. मी त्याच्यापुढं हात जोडले, कडत्याचं समजावून सांगितलं. तो मान हलवून म्हणाला, "बाई, येवढ्या शिकलेल्या माणसांला कडता कळत न्हाई व्हय? उगं पोरीला पाठीशी घालू नका."

त्याच उन्हाळ्यात लग्न उरकलं. अंगाला हळद लावलेली ती पोर मांडवात माझ्याजवळ सरकली. मला वाटलं, आता शाळेचं काढून रडंल. तसलं काही न्हाई. हळूच म्हणाली, "बाई, अण्णा अजून माझ्याशी बोलत न्हाईत. मी बघून न्हाई लिहिलं, येवढं तुमी सांगा ना त्यांला."

"सांगते गं बाळा," म्हणाले मी. सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं, ते तिला कसं सांगू?